मूल एकटे केव्हा निजू लागले?

गेल्या हिवाळ्यात मी व माझी पत्नी मुलीकडे न्यू जर्सीत तीन महिने राहिलो. तेथे पोहोचल्यानंतरच्या चौथ्या की पाचव्या रात्रीची गोष्ट. अडीच वर्षांच्या नातवाला त्याच्या स्वतःच्या खोलीत निजवून मुलगी बाहेर आली, तिने दार लोटून घेतले आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर मनगटावरचे घड्याळ समोर धरून बसली. आत मूल रडत होते. आधी तीन मिनिटे थांबायचे, मग आत जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून यायचे. मग पाच मिनिटे, मग दहा. असा तो हिशेब होता.

पत्नीला राहवेना. ती खालून म्हणाली, "अगं, लेकरू हाका मारतंय."

"ऐकू येतंय मला, आई," मुलगी म्हणाली. "मला ऐकू येत नाही असं वाटतं का तुला?"

तिचा आवाज कापत होता. दोन वर्षे हे मूल आईबापांच्या मध्ये निजत आले होते आणि त्या दोन वर्षांत दोघांपैकी एकालाही सलग चार तास झोप मिळाली नव्हती. महिन्यापूर्वी कामावरून परतताना गाडी चालवता चालवता मुलीचा डोळा लागला होता. पुढे काही झाले नाही, एवढेच. ही हकीकत तिने आईला सांगितली नव्हती. मला सांगितली होती.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. दोन माणसे भांडू लागली की भांडणाचे मूळ किती जुने आहे हे शोधत बसायचे, ही या धंद्याची खोड. त्या तीन मिनिटांत माझ्या मनात आले, की मुलाने एकट्याने, वेगळ्या खोलीत, रात्रभर निजावे ही अपेक्षा माणसाने कधीपासून धरली? दुसऱ्या दिवसापासून मी गावातल्या ग्रंथालयात जाऊन बसू लागलो. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवतो.

आरंभ घरापासून करतो. माझे बालपण परळच्या बीडीडी चाळीत गेले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या या चाळींतली एकेक खोली साधारण १६० चौरस फुटांची. आमच्या खोलीत नऊ माणसे होती. पुरुषमाणसे बाहेर गॅलरीत पथारी टाकीत. आत दाराशी आजी, मग आम्ही भावंडे ओळीने, पलीकडे भिंतीशी आई आणि तिच्या कुशीत जे धाकटे असेल ते. रात्रपाळी करून आलेला चुलता सकाळी आमच्याच उबेतल्या वाकळेवर आडवा होई. "मुलाला एकटे झोपायला शिकवणे" हे शब्द त्या खोलीत कुणी उच्चारले असते तर कुणाला त्यांचा अर्थही लागला नसता. एकटे झोपायचे म्हणजे कोठे?

आजीची एक सवय मला आठवते. रात्री केव्हातरी ती उठे आणि आम्हा प्रत्येकाच्या नाकाखाली हाताची पालथी बोटे धरून पाही. मी कधी जागा असलो तर मुद्दाम श्वास रोखून धरी. मग ती घाबरून मला हलवी आणि मी हसे. एकदा तिने मला त्याबद्दल फाडकन थोबाडीत मारली. ज्या आजीने कधी बोट लावले नाही तिने एवढ्यासाठी का मारावे, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आपल्याला वाटते, की एकत्र निजणे ही आपल्याकडची रीत आणि वेगळे निजणे ही साहेबाची. इतिहास असे सांगत नाही. काही शतकांपूर्वीपर्यंत युरोपातली सामान्य माणसेही आपल्यासारखीच, किंबहुना आपल्याहून दाटीने निजत. थंडी कडाक्याची, जळण महाग आणि बिछाना ही घरातली सर्वांत मोलाची वस्तू. त्यामुळे आईबाप, मुले आणि कधी कधी पाहुणासुद्धा एकाच बिछान्यात. श्रीमंतांच्या घरी मुलांची खोली वेगळी असे खरी, पण त्या खोलीत दाई निजे. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्यांतली मुले आयेच्या सोबतीनेच झोपत. खोली वेगळी होती. मूल एकटे नव्हते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण पुढचा सारा घोटाळा त्याच्या विस्मरणातून झाला आहे.

मुलाला मोठ्यांच्या बिछान्यातून बाहेर काढण्याची पहिली खटपट झाली ती शिस्तीसाठी नव्हे, भयापोटी. झोपेत आईच्या किंवा दाईच्या अंगाखाली सापडून तान्ही मुले गुदमरत. ख्रिस्ती धर्मपीठाने मध्ययुगापासून या अपराधाला प्रायश्चित्ते सांगितली होती. इटलीतल्या फ्लॉरेन्स नगरात तर यासाठी एक साधनच निघाले. 'आर्कुच्चो' हे त्याचे नाव. तान्ह्या मुलावर उपडी घालावी अशी ती लाकडी कमानींची चौकट. दाई कुशीवर वळली तरी तिचा भार चौकटीवर पडावा, मुलावर पडू नये, आणि मूल मात्र तिच्याजवळच राहावे. ही चौकट वापरली नाही तर दाईवर धर्मबहिष्काराची टांगती तलवार असे. मूल जवळही हवे आणि सुरक्षितही हवे, या दोन गरजा एकाच वेळी भागवण्याचा इतका समंजस प्रयत्न मला नंतरच्या इतिहासात फारसा आढळला नाही.

एकोणिसाव्या शतकात या भयाला गिरण्यांची जोड मिळाली. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात आपल्या बंगालचा ताग जाई आणि तेथल्या गिरण्यांत मुख्यतः बायका तो कातीत व विणीत. तेथले पोलीस शल्यचिकित्सक विल्यम टेम्पलमन यांनी १८९२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बिछान्यात गुदमरून मेलेल्या २५८ तान्ह्या मुलांची त्यात नोंद आहे. या मृत्यूंचा फार मोठा वाटा शनिवारची रात्र ते रविवारची सकाळ एवढ्याच वेळात पडलेला. शनिवारी पगार होई आणि पगाराबरोबर दारू. टेम्पलमन यांनी आयांच्या अज्ञानाला व निष्काळजीपणाला दोष दिला, दारूला दिला आणि एकेका खोलीतल्या गर्दीलाही दिला. त्यांतला पहिला दोष लोकांच्या लक्षात राहिला. १९०८ साली ब्रिटिश पार्लमेंटने मुलांसंबंधीचा जो कायदा केला त्यात दारूच्या अंमलाखाली मुलाला बिछान्यात घेऊन त्याचा असा मृत्यू ओढवणे हा गुन्हा ठरला. खोली मोठी करण्याचे कलम त्या कायद्यात नव्हते. आज वैद्यक सांगते, की पाळण्यात एकटी निजलेली निरोगी तान्ही मुलेसुद्धा कधी कधी कारण न कळता झोपेत मरतात. तेव्हा त्या २५८ आयांपैकी कितीजणी निरपराध होत्या, हे आता कोण सांगणार?

आणि मूल झोपेना तर? कारखान्यांच्या त्या युगाने त्यावरही तोड काढली होती. इंग्लंडमध्ये 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचे गोड औषध मिळे. काकवीत कालवलेली अफूच ती. फ्रेडरिक एंगल्सने इंग्लंडमधल्या कामगारांवर १८४५ साली लिहिलेल्या ग्रंथात त्याचा नावाने उल्लेख केला आहे. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकले जाऊ लागले. त्यात मॉर्फीन असे. १९०६ च्या कायद्याने बाटलीवर घटक छापणे सक्तीचे झाले, तेव्हा कोठे अनेक आयांना आपण मुलाला काय पाजत होतो ते कळले.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. कारण हा इतिहास इंग्लंड-अमेरिकेत संपत नाही. तो परळ-लालबागेत येतो. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. तिला 'बाळगोळी' म्हणत. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानातील कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या अहवालात या चालीची दखल घेतलेली आहे. दहा तास साच्यावर उभे राहायचे, मूल शेजारणीच्या हवाली करायचे, आणि शेजारणीने तरी रडते मूल किती वेळ सांभाळावे? बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या आधी बाळंतिणीला लवकर कामावर जावे लागे, नाहीतर घरात चूल पेटत नसे.

माझ्या वडिलांच्या आधी आजीला एक मुलगा झाला होता. तो चार महिन्यांचा असताना एका रात्री गोळी घेऊन झोपला, तो सकाळी उठला नाही. हे मला आत्याने सांगितले, तेही आजी गेल्यानंतर, दिवसकार्य आटोपल्यावर. आत्या म्हणाली, "तिनं कधी तोंडातून काढलं नाही रे. पण रात्रभर झोपलेलं पोर तिला बघवायचं नाही." मग मला ती थोबाडीत आठवली. "मूल रात्रभर शांत झोपते" ही आज प्रत्येक आईची मनीषा आहे. माझ्या आजीला त्या शांततेचीच धास्ती होती.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. ज्या सालात टेम्पलमनचा निबंध अजून ताजा होता, त्याच सुमारास, १८९४ मध्ये, न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी मुलांच्या संगोपनावर एक लहानसे पुस्तक काढले. मुळात ते दायांना शिकवण्यासाठी प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले होते; पाहता पाहता ते अमेरिकेतल्या घराघरांत गेले. होल्टचे सांगणे असे, की पाळणा हलवू नये, मुलाला ठरल्या वेळी स्वतंत्र निजवावे, आणि दुखणे-खुपणे नसताना केवळ हट्टाने रडत असेल तर रडू द्यावे. पहिल्या खेपेस तासभर, क्वचित दोन-तीन तासही लागतील. दुसऱ्या खेपेस दहा-पंधरा मिनिटे. तिसरी खेप बहुधा येणार नाही. माझी मुलगी जिन्यावर बसून जे घड्याळ पाहत होती त्याची किल्ली होल्टने फिरवलेली आहे.

होल्ट हा दुष्ट माणूस नव्हता. ज्या काळात दूषित दुधाने आणि हगवणीने मुले शेकड्यांनी मरत, त्या काळात नियम आणि स्वच्छता यांनीच मुले वाचतात हे त्याने रुग्णालयात पाहिले होते. जो नियम दुधाला लागू पडला तोच त्याने झोपेलाही लावला. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग यांनी १९०७ साली स्थापन केलेल्या प्लंकेट संस्थेने हेच घड्याळ ब्रिटिश साम्राज्यभर नेले. चार तासांनी दूध, रात्री दूध नाही. आणि १९२८ साली मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तर कळसच केला. मुलाला कुरवाळू नये, मांडीवर घेऊ नये. फारच वाटले तर रात्री निजवताना कपाळावर एक मुका पुरे, आणि सकाळी हस्तांदोलन.

हा उपदेश लोकांना पटला, याचे कारण केवळ शास्त्र नव्हे. त्या वर्षांत मध्यमवर्गाच्या घरांतून नोकरमाणसे कमी होत होती, मुले कमी होत होती आणि खोल्या वाढत होत्या. दाई गेली, खोली उरली. पूर्वी जे मूल वेगळ्या खोलीत दाईच्या सोबतीने निजे, ते आता त्याच खोलीत एकटे निजू लागले; आणि ही घरबांधणीतली गोष्ट नीतीची गोष्ट होऊन बसली. एकटे निजणारे मूल गुणी, न निजणारे हट्टी, आणि त्याची आई दुबळी.

मुलीच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासाच्या अंतरावर होपवेल हे गाव आहे. १ मार्च १९३२ च्या रात्री तेथे जे घडले त्याने या निश्चिंत खोलीच्या खिडकीला कायमचा तडा गेला. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांचा वीस महिन्यांचा मुलगा वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत निजला होता. रात्री आठच्या सुमारास दाईने त्याला निजवले. दहाला ती पाहायला गेली, तो बिछाना रिकामा. बाहेर जमिनीवर शिडी पडलेली होती. मे महिन्यात मुलाचे प्रेत जवळच्याच रानात सापडले. आईबाप त्या रात्री त्याच घरात होते.

यानंतर पाच-सहा वर्षांतच झेनिथ कंपनीने 'रेडिओ नर्स' नावाचे यंत्र बाजारात आणले. मुलाच्या बिछान्याशी एक पेटी ठेवायची, दुसरी आपल्याजवळ. तिकडचा आवाज घरातल्याच विजेच्या तारांतून इकडे ऐकू येई. कंपनीचे प्रमुख यूजीन मॅक्डोनल्ड यांना स्वतःच्या लहान मुलीसाठी असे काही हवे होते. यंत्राची आकृती इसामु नोगुची या शिल्पकाराने केली. तोंड झाकलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी ती दिसते. नोगुचींचे वडील जपानी होते, आणि जपानात मूल आईबापांच्या मध्ये निजते. त्या निजण्याला तेथे 'नदी' या अर्थाच्या तीन उभ्या रेघांच्या अक्षराची उपमा देतात. दोन लांब रेघा आणि मधली आखूड. ज्या देशात मूल मधल्या रेघेवर निजते त्या देशाच्या माणसाच्या मुलाने, एकट्या निजणाऱ्या मुलासाठी यंत्रातली दाई घडवावी, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. माणूस काढून घेतला होता. त्याच्या जागी कान आणून ठेवला.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांनी आयांना स्वतःच्या शहाणपणावर विश्वास ठेवायला सांगितले. पण झोपेच्या बाबतीत तेही प्रेमाने निरोप घेऊन खोलीबाहेर पडा आणि परत जाऊ नका, असेच सांगत. १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, आईपासून तुटलेल्या मुलाचे मन कसे कोमेजते ते मांडले. १९८५ साली बोस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांनी या दोहोंच्या मधली वाट काढली. माझ्या मुलीची वाट ती हीच.

फर्बरांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. झोप ही सलग वस्तू नाही. लहान-मोठे आपण सारे रात्रीतून अनेकदा झोपेच्या काठाशी येतो, उशी सरकवतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा बुडतो. सकाळी त्याची आठवणही नसते. मूलही तसेच काठाशी येते. पण निजताना ज्या मांडीवर ते होते ती मांडी आता नाही असे दिसले, की ते पुरते जागे होऊन हाक मारते. म्हणून डोळा लागताना जे भोवती असेल तेच मध्यरात्रीही असावे. आणि आई थोड्या थोड्या वेळाने येऊन जाते, हे मुलाला अनुभवाने कळावे. मेलबर्नच्या संशोधकांनी अशा सौम्य पद्धतींनी निजायला शिकवलेली मुले सहाव्या वर्षी पुन्हा तपासली. २०१२ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की इतर मुलांत आणि त्यांच्यात काही फरक नाही. ना तोटा, ना कायमचा फायदा. म्हणजे माझी पत्नी समजत होती तसे त्यात मुलाचे अकल्याण नव्हते, आणि होल्ट समजत होता तसे त्यात मोक्षाचे साधनही नव्हते.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्वातेमालातल्या माया आयांना जेव्हा कळले की अमेरिकेत तान्ही मुले वेगळ्या खोलीत निजतात, तेव्हा त्यांना धक्का बसला आणि त्या मुलांची कीव आली. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली भुवनेश्वर व शिकागो येथील लोकांना एकच कोडे घातल्याची हकीकत प्रसिद्ध केली. आईबाप आणि पाच मुले, खोल्या थोड्या, कोणी कोठे निजावे? शिकागोकरांनी आधी नवराबायकोची खोली राखली. भुवनेश्वरकरांना नवराबायको वेगळी निजली तरी चालत होते, पण लहान मूल एकटे राहता कामा नये, हा त्यांचा कटाक्ष. परळच्या चाळीतही हेच उत्तर आले असते.

आणि खुद्द अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था आता काय सांगते? तान्ह्या मुलाला निदान पहिले सहा महिने आईबापांच्याच खोलीत, पण स्वतंत्र बिछान्यावर, उताणे निजवावे. बिछाना वेगळा, खोली एक. शतकभर फिरून वैद्यक फ्लॉरेन्सच्या त्या चौकटीपाशी येऊन पोहोचले, असे मला वाटते.

आमच्या घरचे सांगून संपवतो. नातू तान्हा नव्हता, त्यामुळे मुलीने आपला क्रम सोडला नाही. पत्नीने एक दिवस आपले जुने सुती लुगडे चौपदरी करून, चार बाजूंनी दोरा घालून त्याची गोधडी केली आणि काही न बोलता नातवाच्या बिछान्यावर ठेवली. दार पुरते लोटायचे नाही, चार बोटे उघडे ठेवायचे, असेही दोघींनी आपसांत ठरवले. कोणी सुचवले ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या आठवड्यात मूल गोधडीचा काठ मुठीत धरून सकाळपर्यंत निजू लागले.

त्यानंतरच्या एका रात्री दोनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो. मुलगी अंधारात कोचावर बसली होती. तिच्या हातातल्या लहानशा पडद्यावर नातवाच्या खोलीचे करड्या रंगाचे चित्र दिसत होते.

"का गं, रडला का?"

"नाही बाबा. आज एकदाही उठला नाही. म्हणून बघतेय, श्वास चालू आहे ना."

मी तिच्या शेजारी बसलो आणि तिला तिच्या पणजीची गोष्ट सांगितली. ती गाडीत डोळा लागल्याची गोष्ट मग तिने सकाळी आपल्या आईला सांगितली.

मुलाला रात्रभर झोपायला शिकवण्याची शास्त्रे शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली. घरे बदलली तशी ती बदलली, आणि पुढेही बदलतील. पण नाकाखाली धरलेली ती पालथी बोटे मात्र मला प्रत्येक काळात दिसली. मूल एकटे निजायला शिकते, याचा अर्थ ते एकटे पडते असा नाही. दाराबाहेर कोणीतरी जागे आहे, एवढे त्याला पटलेले असते. ते पटवून देणारे माणूस मात्र दाराबाहेर खरोखरच जागे असावे लागते.